उद्घाटनाला नको, शेवटच्या आठवड्यात जा

निसर्गावरच्या कलेचं एक छोटं संग्रहालय आहे. त्याच्या तिकिटाच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक गृहस्थ तावातावाने भांडत होते. मागच्या खेपेला त्यांनी इथे एका घुबडाचं चित्र पाहिलं होतं. ते दाखवायला घरच्या सगळ्यांना घेऊन आले, तर त्या भिंतीवर आता वाळलेल्या गवताची पाती टांगलेली. "काढूनच ठेवायचं होतं तर लावलं कशाला?" खिडकीतली मुलगी नवखी असावी. "सर, चित्रं बदलत असतात," हे एकच वाक्य तिने तीनदा म्हटलं आणि चौथ्यांदा कुणाला तरी बोलवायला आत निघून गेली.

मला मध्ये तोंड घालायची सवय आहे, घरचे त्यावरून चिडवतातही. पण त्या दिवशी गप्प बसले. सांगायला लागले असते तर त्यांचं घुबड राहिलं असतं बाजूला आणि माझंच व्याख्यान झालं असतं. ते आता इथे देते.

कागदावरच्या जलरंगांना उजेड बाधतो, आणि ती बाधा साठत जाते. आज थोडी, उद्या थोडी, आणि विटलेला रंग काही परत येत नाही. म्हणून अशा चित्रांच्या दालनात उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतात. भर उन्हात तोच आकडा एक लाखाच्या घरात जातो. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. ५० लक्स, रोज आठ तास, नव्वद दिवस, म्हणजे ३६,००० लक्स-तास. भर उन्हाच्या मापाने हे जेमतेम बावीस मिनिटांचं ऊन. तीन महिने आपण डोळे ताणून जे बघतो ते चित्राच्या लेखी बावीस मिनिटं उन्हात उभं राहणं आहे, आणि त्यानंतर त्याला अंधाऱ्या कपाटात विश्रांती घ्यावी लागते. घुबड पळवलेलं नाही, निजवलंय.

हा हिशेब मला सुचला कारण मी ३१ वर्षं एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढणार, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून आम्ही तो शाईने उतरवणार, आणि त्यावरून अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या नकला, निघणार. चुकलं तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, कागद फाटू न देता. त्यामुळे चित्राकडे मी आधी रेषा म्हणून बघते, ते सुंदर आहे की नाही हे मागाहून. या संग्रहालयाचा वर्षाचा पास माझ्या मुलाने मला आणि नातीला मिळून काढून दिला. तिला नववं चालू आहे. वर्षभरात आम्ही अकरा वेळा गेलो. त्या अकरा फेऱ्यांतून माझं एक मत पक्कं झालं, ते शीर्षकात दिलंच आहे. कायमच्या दालनाबद्दल फार लिहीत नाही. काचेच्या पेट्या, पेंढा भरलेले पक्षी, त्यांच्या शेजारी त्याच पक्ष्यांची चित्रं. एकदा बघावं. खरी मजा ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या प्रदर्शनांत आहे.

वसंतातलं प्रदर्शन वनस्पतिचित्रांचं होतं, आणि तिथे मी दीड तास एकाच चौकटीपुढे काढला. फर्डिनंड बाउअर नावाचा चित्रकार १८०१ मध्ये 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला गेला होता. हलत्या जहाजावर एकेक पान रंगवत बसायला सवड नव्हती. मग त्याने काय करावं? पेन्सिलीने झाड उतरवायचं आणि पानाच्या, देठाच्या, पाकळीच्या प्रत्येक भागावर बारीक आकडा घालायचा. आकडा म्हणजे रंगाची छटा. हे आकडे जवळपास हजारापर्यंत जातात. घरी परतल्यावर, काही वेळा वर्षांनी, त्या आकड्यांवरून तो रंग भरायचा. समोरच्या चित्रात एका फांदीवर तीन आकडी अंकांची नुसती मुंग्यांसारखी रांग लागलेली होती. मी तर नकाशावरच्या मापांत आयुष्य घालवलेली बाई. मला ते चित्र रंगवलेल्या चित्राहून सरस वाटलं. हजार छटांचा तक्ता त्याच्या डोक्यात होता की कुठल्या वहीत, यावर जाणकारांचा अजून वाद आहे. नातीने शेजारच्या बाकावर बसून स्वतःच्या बुटाला आकडे घातले. नाडीला ४, तळव्याला ११.

आता तक्रार. ती चौकट प्रतिकृती होती, मूळ चित्र नव्हे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, एवढ्याशा संग्रहालयाकडे मूळ बाउअर कुठून येणार? पण 'प्रतिकृती' हा शब्द खालच्या कोपऱ्यात, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत होता. मी वाकून वाचला तेव्हा कंबर धरली. आणि प्रतिकृतीच आहे तर एवढा अंधार का, असं तिथल्या मदतनीस बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शेजारची दोन मूळ आहेत ना, आजी. त्यांच्यासाठी." उत्तर पटलं.

त्याच दालनात मारिया सिबिला मेरिअन या चित्रकर्तीची पानं होती, तीही प्रतिकृतीच. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, स्वतःची चित्रं विकून पैसा उभा करून ही बाई धाकट्या लेकीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि आजारपणामुळे दोन वर्षांनी परतली. १७०५ मध्ये तिचा किड्यांवरचा ग्रंथ निघाला. सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि ते ज्या झाडावर जगतं ते झाड, सगळं एकाच पानावर. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण शाळेच्या भिंतीवरचा तक्ता असाच असतो. त्या काळी किडे चिखलातून आपोआप उपजतात असं मानणारी माणसं पुष्कळ होती. संग्रहालयाने तिच्या चित्रांखाली 'निसर्गाचे नाजूक सौंदर्य' असं लिहिलंय. ज्या चित्रात भलामोठा कोळी पाखराला धरून बसलाय, त्याच्याखालीसुद्धा. पाटी लिहिणाऱ्याने वर मान करून चित्र बघितलं होतं की नाही, कोण जाणे.

उन्हाळ्यातली छापाची कार्यशाळा हा वर्षातला सगळ्यात गाजावाजा केलेला कार्यक्रम, आणि सगळ्यात जास्त राग मला तिथेच आला. प्रेमही तिथेच बसलं, म्हणून जरा सविस्तर.

कार्यशाळा सायनोटाइपची होती. सायनोटाइप म्हणजे आमच्या भाषेत ब्ल्यू प्रिंट. मी नोकरीला लागले तेव्हा अमोनिया प्रिंटचे दिवस होते, पण मागच्या खोलीतल्या कपाटात जुन्या निळ्या नकाशांच्या गुंडाळ्या पडलेल्या असत. निळ्यावर पांढरी रेघ. त्याच प्रक्रियेने पानाफुलांचे छाप काढतात हे मला साठी उलटल्यावर इथे कळलं. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि लगेच पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईने समुद्रशेवाळ थेट कागदावर ठेवून त्याचे छाप काढायला सुरुवात केली. दहा वर्षं ती हे करत होती. पुस्तकातला मजकूरसुद्धा टाइपात नाही, तिच्या हस्ताक्षरात, तोही निळ्यातच. छायाचित्रांनी सजवलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात, आणि त्यात कॅमेरा कुठेच नाही. नकाशांच्या नकलांसाठी ही रीत आली ती कितीतरी नंतर. म्हणजे आधी शेवाळ आणि मग पूल-बंधारे. आमच्या ऑफिसात हे कुणाला माहीत असतं तर मागच्या खोलीतल्या त्या गुंडाळ्यांना जरा मान मिळाला असता.

कृती सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं मिसळून कागदाला लावायची आणि अंधारात वाळवायची. कागद पिवळट हिरवा होतो. त्यावर पान ठेवायचं, काचेने दाबायचं, उन्हात ठेवायचं. ऊन लागलेला भाग करडा, जरा कांस्यासारखा दिसायला लागला की उचलून पाण्यात. धुताना निळं उघडतं. पानाखाली ऊन पोचलेलं नसतं, तिथला मसाला पाण्याबरोबर वाहून जातो आणि पांढरं पान उरतं.

आता घडलं ते ऐका. तीस जणांचा गट. कागद सकाळीच लावून ठेवलेले, आणि ठेवले कुठे, तर मोठ्या खिडकीच्या खोलीत, उघड्या टेबलावर! मी वरचा कागद उचलून पाहिला तर खालच्याशी त्याचा रंग जुळेना, खिडकीकडच्या बाजूला करडेपणा आलेला. शिकवणाऱ्या तरुणाला म्हटलं, "बाळ, हे कागद आधीच उन्हाने खाल्लेत." तो गोड हसला. मग आम्हाला अंगणात नेलं. आभाळ भरलेलं, आणि वेळ ठरलेली, दहा मिनिटांची घंटा. घंटा वाजली की सगळ्यांनी एकदम उचलायचं. ढगाळ दिवशी दहा मिनिटांत काय होणार? घंटेवर नाही, कागदाच्या रंगावर उचलायचं असतं. भात शिजलाय का ते घड्याळाला विचारतं का कुणी? तीसच्या तीस छाप फिकट आले, आणि खिडकीकडच्या कागदांवर तर पांढऱ्याच्या जागीही निळसर मळ. पोरं हिरमुसली. एकीचे डोळे भरले.

मी तिथे तक्रारवहीत दीड पान लिहिलं. आता याला त्या मुलाचा चांगुलपणा म्हणायचा की संस्थेचा, ते तुम्ही ठरवा, पण दोन आठवड्यांनी बोलावणं आलं की पुन्हा या, पासधारकांसाठी छोटा गट आहे. या खेपेला सात जण, कागद काळ्या पिशवीत, लख्ख ऊन, घंटा गायब. तो तरुण प्रत्येकाजवळ उकिडवा बसून विचारत होता, "कसा दिसतोय रंग? अजून हिरवा आहे ना? मग थांबू."

नातीने नेच्याचं पान घेतलं होतं. पाण्याच्या तबकात कागद सरकवला तेव्हा आधी नुसतं पिवळट पाणी सुटलं. तिने हातानेच पाणी हलवलं. मग कागदाच्या कडेकडून निळं चढत आलं, आणि मधोमध नेच्याची एकेक पिसारी पांढरी उरायला लागली. टोकाकडची पानं काचेला नीट टेकली नव्हती, तिथे कड धूसर होती. बाकी कड अशी तल्लख की रुलिंग पेनने ओढलेली वाटावी. ती एकदम म्हणाली, "आजी, हे पान नाहीये. पानाची सावली राहिलीय." मी काही बोलले नाही. ट्रेसिंग करताना मला हे ३१ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी माहितीपत्रकात लिहायला हवी होती. सायनोटाइपला अल्कली चालत नाही. धुण्याच्या सोड्याने निळं पिवळं पडतं, साबणानेही फिकं होतं. आमच्या गटातल्या एका आईने लेकीच्या कापडी पिशवीवरचा छाप घरी साबणाने धुतला आणि पिवळट कापड घेऊन ती परत आली. तिची काय चूक? पिशवी मळली की धुणारच.

पानगळीच्या प्रदर्शनात दोन भाग होते, एक आत आणि एक चौकात. आतल्या भागात घरटी, शेंगा, साली, काटक्या यांच्या कलाकृती. दाराशी एक पाटी आहे आणि या संग्रहालयातली ती सगळ्यात चांगली पाटी. आत आलेली प्रत्येक वस्तू आधी उणे ३० अंशाला तीन दिवस ठेवली होती, असं तिच्यावर लिहिलंय. कशासाठी? सालीत, शेंगेत किडे असतात. ते तसेच आत आले तर घुबडाच्या चित्रापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागत नाही, कारण कागद, खळ, लाकूड सगळंच त्यांचं खाद्य. म्हणजे निसर्गाला आत घ्यायचं तर आधी त्याला थंड करून मारायचं. हे त्यांनी लपवलं नाही, सरळ लिहिलं, याबद्दल त्यांना माझ्याकडून पूर्ण गुण.

खरं काम चौकात होतं. डोक्यावर आभाळ, खाली फिकट दगडी फरशी, आणि एका बाजूच्या ओवरीपासून दुसरीपर्यंत पानांचा पडदा. दोरा नाही, डिंक नाही. पान पानाला बाभळीसारख्या काट्याने टाचलेलं. एका टोकाला हिरवी, मग पिवळी, नारिंगी, तांबडी आणि शेवटी मातकट. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा एवढी गर्दी की पडद्याऐवजी लोकांचे मोबाइलच दिसत होते. जे दिसलं ते छान होतं. दुकानाच्या काचेत मांडलेल्या साड्या छान असतात, तसं छान.

तीन आठवड्यांनी गेलो. पानांनी अंग आवळलं होतं. जिथे पान पानावर चढलेलं होतं तिथे फटी पडल्या होत्या आणि फटींतून उजेडाचे तुकडे फरशीवर उतरले होते. हिरवं टोक आता हिरवं नव्हतं. मातकट टोकाकडची पानं झडून नुसते काटे एकमेकांत अडकून लोंबत होते. ओवरीचं दार कुणी उघडलं की सगळा पडदा खुळखुळायचा. तो आवाज पहिल्या दिवशी नव्हताच, ओली पानं खुळखुळत नाहीत. नात पाच मिनिटं दार उघडझाप करत होती, शेवटी मदतनीस बाईंनी तिला खुर्ची दिली. खाली पडलेली पानं उचलायची नाहीत असं चित्रकाराने सांगून ठेवलेलं, पण त्याच सकाळी अर्धा चौक कुणीतरी झाडून टाकलेला. झाडण्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. बाई वैतागून म्हणाल्या, "रोज सांगते मी, इथे झाडू नका. पण सवय."

त्याच संध्याकाळी काचेच्या फुलांवर एक व्याख्यान होतं, चित्रांसह. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी १८८७ ते १९३६ या काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची हजारो फुलं-पानं घडवली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं ते पुढचं. बाप गेल्यावर, म्हाताऱ्या रुडॉल्फने १९२० च्या दशकात सडकी फळं केली. बुरशी लागलेलं नासपती, डाग पडलेलं पान, सुरकुतलेलं सफरचंद, सगळं काचेचं. आयुष्यभर ताजी फुलं करून झाल्यावर माणूस सडकं फळ करायला बसतो आणि ते त्या फुलांइतकंच जीव लावून करतो. पडद्यावर त्या नासपतीवरचा बुरशीचा ठिपका मोठा करून दाखवला तेव्हा मागून कुणीतरी "शी" म्हणालं. मला तो ठिपका आकडे घातलेल्या बाउअरच्या शेजारी लावावासा वाटला.

मग मी ठरवलं की पानांचा पडदा शेवटच्या दिवशी बघायचा. पत्रकावर तारीख होती, कॅलेंडरवर गोल केला, नातीने गोलाभोवती पान काढलं. गेलो, तर चौक रिकामा! तीन दिवस आधीच उतरवलेला. चौकात कुणाचातरी खासगी समारंभ होता, त्यासाठी. वर तारा तेवढ्या राहिलेल्या, एका तारेला एक काटा.

खिडकीवर जाऊन मी काय बोलले ते लिहीत नाही. त्या घुबडवाल्या गृहस्थांची आठवण झाली एवढं खरं. पण फरक लक्षात घ्या. त्यांचं घुबड कपाटात आहे, पुन्हा भिंतीवर येईल. हा पडदा पुन्हा होणार नाही, आणि त्याचे शेवटचे तीन दिवस म्हणजे ज्यासाठी तो केला होता तेच दिवस. सिनेमाचं शेवटचं रीळ काढून घेतल्यासारखं. पत्रकावर तारीख छापता तर ती पाळा. समारंभ मोठा असेल तर आम्हाला एक संदेश पाठवा. पासधारकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा वेळेवर येतात.

परत निघताना नात चौकात मागेच राहिली. "आजी, इथे ये." ती फरशीवर ओणवी झालेली. मधल्या काळात दोन-तीनदा पाऊस पडून गेला होता, आणि झाडूवाल्याच्या हातून सुटलेल्या कोपऱ्यात ओली पानं बरेच दिवस एकाच जागी पडून राहिली असणार. पानं गेली होती, पण त्यांचा तपकिरी रंग दगडात उतरला होता. दातेरी कडेसकट एक पूर्ण पान, त्याच्यावर अर्धं दुसरं, आणि एका ठिकाणी नुसता देठ. मी पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला (तो माझ्या पिशवीत असतोच, हसू नका), तिने टोकं दाबून धरली आणि मी पेन्सिलीने तो कोपरा उतरवून घेतला. समारंभाच्या खुर्च्या लावणारी पोरं आम्हाला वळसा घालून जात होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा फरशी घासून लख्ख केलेली होती.

हिवाळ्याचं थोडक्यात. छायाचित्रांचं फिरतं प्रदर्शन आलं होतं, वन्यजीवांचं, उत्तम छपाई, पण भिंतीवर इतकी दाटी की तिसऱ्या वाघानंतर वाघ दिसेनासा झाला. एका फलकावर मात्र थांबावं. छायाचित्र स्पर्धांतली फसवणूक हा विषय, आणि त्यात २००९ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची गोष्ट. फाटकावरून उडी मारणारा लांडगा, आणि नंतर पंचांनी ठरवलं की तो माणसाळलेला असावा. पुढच्या वर्षी जानेवारीत पारितोषिक काढून घेतलं. नातीला हे फार लागलं, तिला लांडगा खरा हवा होता. मग तिला कायमच्या दालनात नेऊन मोगल चित्रकार उस्ताद मन्सूरच्या झेब्र्याची प्रतिकृती दाखवली. १६२१ मध्ये जहांगीरच्या दरबारात तो झेब्रा आला तेव्हा लोकांना वाटलं की घोड्याला कुणीतरी पट्टे रंगवलेत. नीट तपासून बघितल्यावरच पट्टे अंगचे आहेत हे पटलं, असं बादशहाने लिहून ठेवलंय. म्हणजे हा संशय जुनाच. "मग त्यांनी घासून पाहिलं का?" तिने विचारलं. पाहिलं असेल, म्हटलं. मीही पाहिलं असतं.

बर्फाचा कार्यक्रम एकाच दिवसाचा होता. अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराने २००० सालच्या ऐन उन्हाळ्यात लंडनच्या रस्त्यांवर तेरा प्रचंड हिमगोल आणून ठेवले होते. ते वितळत गेले तसं पोटातलं बाहेर पडत गेलं, कुठे लोकर, कुठे काटेरी तार. त्याची छायाचित्रं भिंतीवर, आणि खाली तबकांत संग्रहालयाने स्वतः गोठवलेल्या बर्फाच्या लाद्या. जवळ गेलो तर आत काय असावं? पानं. काट्याने टाचलेली. चौकातल्या पडद्याची! म्हणजे त्यांनी ती टाकली नव्हती. हे मला आधी सांगितलं असतं तर खिडकीवरचं माझं बोलणं निम्मं वाचलं असतं. निम्मंच, कारण तीन दिवस ते तीन दिवस. लाद्या पूर्ण वितळायला सहा तास लागले, आणि पाचव्या तासाला दालनात आम्ही दोघी आणि मदतनीस बाई, एवढेच उरलो होतो. पान बर्फातून सुटताना आधी देठ बाहेर येतो. मग पान एका बाजूला कलतं, पाण्यात पडतं आणि जरासं उलगडतं.

पाचपैकी साडेतीन तारे देते. दीड तारा कापला तो तारीख न पाळल्याबद्दल, गुडघ्याखालच्या पाट्यांबद्दल आणि त्या पहिल्या कार्यशाळेबद्दल. जाणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगते. आधी फोन करून प्रदर्शन जागेवर आहे ना ते विचारा. सकाळी दार उघडताच जा, ५० लक्सला डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ बाकावर नुसतं बसा. घडीचं स्टूल मागितलं तर मिळतं, पण मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही. आणि मदतनीस बाईंशी बोला. पाट्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

नेच्याचा तो छाप नातीने खिडकीत लावला होता, ऊन येतं त्या बाजूला. दोन महिन्यांत निळं उतरून राखाडी झालं. ती रडकुंडीला आली. मी कार्यशाळेतल्या त्या तरुणाला विचारलं, तर म्हणाला की उन्हाने फिकटलेला सायनोटाइप अंधारात ठेवला तर निळं बरंचसं परत येतं, हवा मात्र लागू द्या. जलरंगाला जे जमत नाही ते याला जमतं. म्हणून आता तो माझ्या कपाटात, नकाशांच्या खणात, पानाच्या डागाच्या ट्रेसिंगवर ठेवलाय. शाळेतून आली की ती आधी खण उघडून बघते.

"अगं, रोज उघडलंस तर त्याला अंधार मिळणार कधी?"

"एकच मिनिट बघते, आजी. आणि थोडासाच उघडते."